पिचर चालली म्हणे

आमच्या मॅडम गृहविज्ञान शिकवत. त्यांच्या वर्गातून बाहेर पडलेल्या निम्म्या मुलींना रुमालावर साखळी टाका घालता येत नसेल, पण उसवलेला बेसबॉल सगळ्यांना शिवता येतो. नवे चेंडू आम्हाला मिळत नसत. जुन्याची शिवण सुटली की मॅडम बाजारातल्या मोच्याकडून मेण लावलेला दोरा आणत, प्रॅक्टिकलच्या तासाला टेबलावर चेंडू मांडत आणि म्हणत, "घ्या, आजचं भरतकाम." एकदा परीक्षेसाठी बाहेरगावाहून आलेल्या बाईंनी भरतकामाचे नमुने मागितले. मॅडमनी त्यांच्या हातात चेंडू ठेवला.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"टाका पाहा. रुमालानं नाक पुसतात. हा बॅटीचा मार खातो."

बाईंनी चेंडू डोळ्यांजवळ नेला, टाक्यावरून नख फिरवलं आणि मार्क दिले. चांगले दिले.

ही दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. आमचं कॉलेज गोंदियाजवळच्या गोरेगावला, अकरावी-बारावीपर्यंतचं. खेळाच्या शिक्षकाची जागा रिकामी आणि गावात बेसबॉल कुणी पाहिलेला नाही. तरी कधीतरी वरून एक पेटी आली होती. तीत बॅटी, ग्लोव्ह, चेंडू आणि बेसच्या पांढऱ्या गाद्या होत्या; धावत जाऊन गादीवर पाय ठेवला की आउट नाही. ठेवायला जागा नाही म्हणून ती गृहविज्ञानाच्या खोलीतल्या कपाटात गेली. पुढे प्राचार्यांनी पेटी दुसऱ्या एका कॉलेजला देऊन टाकायचं ठरवलं. मॅडम स्टाफरूममध्ये उभ्या राहिल्या. "माह्या कपाटात आहे तं माही आहे," म्हणाल्या. त्या संध्याकाळी पेटीतलं नियमांचं पुस्तक मॅडमच्या घरी गेलं. त्यांचे मिस्टर तहसिलीत कारकून होते. ते अंगणात खुर्ची टाकून बसत आणि मॅडम त्यांना नियम वाचून दाखवत. जो नियम त्यांना कळेल तोच त्या आम्हाला शिकवत. ते म्हणत, "मले बी समजला तं कोणालेबी समजते."

वर्गात मॅडम पुस्तकातली मराठी बोलत आणि मैदानावर घरची. रागावल्या की मात्र मैदानावरही पुस्तकात शिरत. "आपण धावणार आहात की उभ्याच राहणार आहात?" असं ऐकू आलं की आमची गाळण उडायची. शिट्टी त्यांना आवडत नसे. स्टीलची थाळी आणि पळी घेऊन त्या मैदानावर येत आणि वाजवत. साडी वर खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर बियाणांच्या कंपनीची टोपी. रस्त्यावरून जाणारे ट्रॅक्टरवाले थांबून बघत. मॅडम त्यांनाही हाक मारत, "पाहता काय, चेंडू आला तं फेका इकडं!"

एखादी आउट होऊन रडायला लागली, की त्या म्हणत, "रडाचं असन तं बेसवर पोहोचून रड. तिथं कोणी हात लावत नाही."

करुणा त्यांना कॉलेजात सापडली नाही, बांधीत सापडली, धानाच्या शेतात. रोवणीचे दिवस होते. मॅडम लुनावरून चालल्या होत्या. एक मुलगी बांधावर उभी राहून पऱ्ह्याच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या चिखलात फेकत होती. प्रत्येक जुडी रोवणाऱ्या बाईच्या अगदी हाताशी पडत होती. लांबच्या बाईच्याही आणि जवळच्याही. मॅडमनी लुना उभी केली आणि चपला हातात घेऊन बांधावर गेल्या.

"कोणत्या वर्गात आहेस व?"

"दहावी झाली. आता नाही शिकत."

"काऊन?"

"असंच."

हे "असंच" मॅडमना मुळीच चालत नसे. त्याच आठवड्यात करुणाचं नाव अकरावीत लागलं. फी कशी भरली, कुणी भरली, हे आम्ही विचारलं नाही. करुणाचे वडील राइस मिलमध्ये हमाली करायचे, आई रोजीनं जायची. घरात शिकलेलं कुणी नव्हतं, पण बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याच्याखाली करुणाच्या धाकट्या भावाची पुस्तकं रचून ठेवलेली असत.

करुणा आमची पिचर झाली, म्हणजे मधोमध उभी राहून चेंडू टाकणारी. तिनं बॅटवालीला चकवलं की सगळं झालं. तिच्यासमोर, बॅटवालीच्या मागे, उकिडवी बसून चेंडू झेलते ती कॅचर. ती मी. करुणाचा चेंडू ग्लोव्हमध्ये यायचा तेव्हा आवाज आधी यायचा आणि हाताला कळ नंतर. माझ्याकडे तोंडावरची जाळी नव्हती. काच काढलेलं मोटरसायकलचं हेल्मेट होतं. छातीवर मॅडमनी वर्गात शिवून घेतलेली गोधडी बांधायची. एकदा चेंडू हेल्मेटच्या उघड्या भागातून आत आला आणि माझा ओठ फाटला. मॅडमनी ओठ पाहिला, हळद लावली आणि म्हणाल्या, "तोंड बंद ठेवत जाय."

तालुक्याची स्पर्धा आम्ही जिंकली. जिल्ह्याची व्हायची होती, दसरा झाल्यावर. त्या मधल्या दिवसांत आमचा चपराशी डाक घेऊन गोंदियाहून परतला आणि सायकल लावता लावता म्हणाला, "तुमची पिचर चालली म्हणे."

आमच्या संस्थेचं गोंदियालाही एक कॉलेज होतं, आमच्यापेक्षा कितीतरी मोठं. त्यांच्या मुलींची टीम भारी होती, पण त्यांच्या पिचरचं अचानक लग्न ठरलं आणि सासरच्यांनी खेळ बंद केला. जिल्हा तोंडावर, आणि पिचर नाही. म्हणून संस्थेच्या सचिवांनी ठरवलं म्हणे, की करुणाचा दाखला काढायचा, तिला गोंदियाच्या कॉलेजात घालायचं, होस्टेलला ठेवायचं. बदल्यात गोरेगावला दोन खेळाडू मुली द्यायच्या आणि कॅचरच्या सामानाची नवी पेटी.

संध्याकाळपर्यंत बातमीला पाय फुटले. कुणी म्हणालं, करुणाच्या वडलांना गोंदियाच्या मिलमध्ये कायमचं काम मिळणार. कुणी म्हणालं, मॅडमनीच सौदा केला. बसस्टँडवरच्या चहावाल्याला तर येणाऱ्या दोन मुलींची नावंही माहीत होती. टीममध्ये दोन तट पडले. अर्ध्या जणी करुणाशी बोलेनात, अर्ध्या जास्तच बोलायला लागल्या.

मी तिला सरळ विचारलं. आम्ही सायकली हातात धरून चालत होतो.

"जाऊन राहिली का तू?"

"मले मालूम नाही."

"तू गेली तं मले जाळी भेटन," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? मला ती जाळी हवी होती. पण करुणा गेली तर मी ती जाळी घालून कुणाचा चेंडू झेलणार होते?

करुणा हसली. "बाबा म्हणते जाय. तिथं जेवण फुकट आहे." वळणावर म्हणाली, "पेटीत काय काय आहे व?"

मॅडम मात्र काहीच बोलत नव्हत्या. रोज थाळी वाजायची, रोज सराव व्हायचा, आणि रोज करुणाच चेंडू टाकायची. आम्हाला वाटलं, त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नाही. मग एका शनिवारी त्यांनी आम्हाला गोल बसवलं.

"कोणी काही आयकलं असन, नसन. मले सांगू नोका. करुणा, तुले कोणी विचारलं का?"

"नाही."

"तुह्या बापाले?"

"हो."

"अन् तुले नाही." मॅडमनी पळी थाळीत ठेवली. "सोमवारी गोंदियाले जाऊ. तू, तुही माय अन् मी." मग माझ्याकडे पाहिलं. "अन् तू. तू कॅचर आहेस."

सोमवारी आम्ही एसटीनं निघालो. मला वाटत होतं, मॅडम त्या होस्टेलमध्ये खोट काढणार आणि करुणाला घेऊन परत येणार. करुणाच्या आईलाही तसंच वाटत असावं. ती पूर्ण वाटभर एवढंच म्हणत होती, "तुम्ही म्हणान तसं, मॅडम." मॅडम म्हणाल्या, "मी काही नाही म्हणत. पोरीले म्हणू दे."

सचिवांच्या ऑफिसात न जाता त्या आधी होस्टेलवर गेल्या. तिथल्या बाई काही विचारण्याआधीच मॅडम आत शिरल्या होत्या. गृहविज्ञानाच्या परीक्षेला आल्यासारखं त्यांनी सगळं पाहिलं. संडासाच्या कड्या लावून पाहिल्या. गाद्या दाबल्या. स्वयंपाकघरात वरणाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं, चव घेतली. मुलींना विचारलं, "रातच्यानं भूक लागली तं काय करता?" मुली म्हणाल्या, डब्यात मुरमुरे असतात, बाई देतात. मग मॅडम मागच्या मैदानावर गेल्या. त्यावर गवत होतं. हिरवं, कापलेलं. मॅडमनी त्यावर पाय ठेवला आणि थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

परत येऊन त्यांनी करुणाला सांगितलं, "कड्या पक्क्या आहेत. वरण घट्ट आहे. ग्राउंड आपल्यापेक्षा चांगलं आहे. माह्यापाशी यातलं काहीच नाही. हे ध्यानात ठेव अन् मंग बोल."

करुणा त्यांच्याकडे बघतच राहिली. तिलाही हे अपेक्षित नव्हतं.

सचिव भला माणूस होता, पण घाईचा. "आओ, मॅडम, बैठो," ते म्हणाले. "आपल्याच संस्थेची मुलगी आपल्याच संस्थेत येऊन राहिली. या खोलीतलं कपाट त्या खोलीत. त्यात एवढं काय?"

कपाटाचं नाव त्यांनी काढायला नको होतं. मॅडम बसल्या नाहीत. त्यांनी पुस्तकातली मराठी काढली.

"या व्यवहाराविषयी आपण मुलीशी बोललात का?"

"तिच्या बापाशी बोललो ना."

"चेंडू तिचे वडील टाकत नाहीत."

सचिव जरा हसले, मग हसायचे थांबले. "ठीक है. बोल बेटा. होस्टेल, जेवण, बूट, सब मिलेगा. उद्यापासून ये."

करुणा टेबलाच्या कडेला हात लावून उभी होती. तिनं मॅडमकडे पाहिलं. मॅडम भिंतीकडे बघत होत्या, मुद्दाम.

"येतो मी," करुणा म्हणाली. "जूनमधी येतो. आता नाही येत. आता आमच्या पोरीइकडून खेळतो."

"अरे, पण आमच्याकडं पिचर आत्ताच नाही!"

"हो, सर. मालूम आहे मले."

करुणाच्या आईनं पदर तोंडाला लावला. हसू दाबत होती का रडू, मला कळलं नाही.

"मग पेटी अन् दोन पोरी विसरा, मॅडम," सचिव म्हणाले.

"विसरले," मॅडम म्हणाल्या. "जून विसरू नका. होस्टेल आणि जेवण, तिचं शिक्षण होईपर्यंत. आपण आत्ताच चौघींसमोर म्हणालात."

माझी जाळी गेली. परतीच्या बसमध्ये करुणा माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या. गोरेगाव आलं, लोक उतरले, तरी त्या बसूनच होत्या. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, उतरत नाही का?" तेव्हा दचकून उठल्या.

जिल्ह्याच्या फायनलला आमची गाठ गोंदियाशीच पडली, त्या हिरव्या गवतावर. करुणा त्या दिवशी जशी खेळली तशी खेळताना मी तिला पुढेही फार वेळा पाहिलं नाही. ती रागात नव्हती. बांधावरून जुड्या फेकाव्यात तशी शांत होती. माझा हात सुजला, तर्जनी वाकेना, पण मी चेंडू सोडला नाही. आम्ही जिंकलो. बक्षीस द्यायला सचिवच होते. कप घ्यायला मॅडम स्टेजवर गेल्या नाहीत. "खेळल्या पोरी, मी कायले जाऊ?" म्हणाल्या आणि खाली उन्हात उभ्या राहून थाळी वाजवत राहिल्या.

पुढे विभागाला आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. त्यानंतर मॅडमकडून खेळाचा चार्ज काढून सायन्सच्या सरांना दिला गेला. सर गरीब स्वभावाचे होते, घाबरत घाबरत सांगायला आले. मॅडम म्हणाल्या, "चार्ज तुमच्यापाशी ठेवा. सह्या करत जा. पोरी माह्यापाशी राहू द्या." सर आनंदानं तयार झाले.

जूनमध्ये करुणा गोंदियाला गेली. मॅडमनी तिला लुनावरून बसस्टँडवर सोडलं. मागच्या कॅरिअरला ट्रंक बांधलेली आणि करुणा मधे अवघडून बसलेली. सामान बसच्या टपावर चढल्यावर मॅडम म्हणाल्या, "आता तू समोरची. आमच्या पोरी आल्या तं दया नोको करजो." करुणा म्हणाली, "नाही करत." बस गेली आणि मॅडम थेट मैदानावर आल्या. त्या दिवशी त्यांनी आम्हाला अंधार पडेपर्यंत सोडलं नाही.

दुसऱ्या वर्षी जिल्ह्याला ती आमच्यासमोर उभी राहिली. सामन्याआधी पाया पडायला आली तर मॅडमनी पाय मागे घेतले. "आता नाही. मॅच झाल्यावर." तिचा चेंडू कसा येतो हे त्यांनी आम्हाला महिनाभर शिकवलं होतं, तरी आम्ही हरलो. तिनं शब्द पाळला, दया केली नाही. मी तर एकदाही बेसवर पोहोचले नाही. शेवटी आम्ही तोंडं पाडून बसलो होतो. मॅडमचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्या म्हणाल्या, "टाकताना करुणाचा हात खाली येऊन राहिला."

त्या उठल्या आणि मैदान ओलांडून गोंदियाच्या टीमकडे गेल्या. मी मागोमाग. तिकडे नाचगाणी चालली होती. त्यांचे सर तरुण होते, त्यांनी मॅडमना नमस्कार केला.

मॅडम करुणाला म्हणाल्या, "वेणी सोड अन् परत घाल."

"आता?"

"आताच."

करुणानं वेणी सोडली. उजवा हात कानापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. तिनं दात आवळून पुन्हा उचलला. पुन्हा थांबला.

"सकारी कोण घालून देते?"

"रूममधली पोरगी," करुणा खाली मान घालून म्हणाली.

"किती दिवसापासून दुखते?"

करुणा एका हातानं केस गोळा करू लागली. मॅडम सरांकडे वळल्या. सर म्हणाले, "मॅडम, विभागाची मॅच तोंडावर आहे. थोडं दुखतंच. ती स्वतः म्हणते मी टाकते."

"ते म्हणनच. तिले खेळाचं आहे. तुम्ही काय म्हणता ते सांगा. पोरगी तुमच्या टीमची आहे, खांदा तिचा आहे."

सर बिचारे वाईट नव्हते. त्यांनी तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, आत सूज आहे, हा सीझन बंद, नाहीतर हात कायमचा जाईल. करुणाविना गोंदियाची टीम विभागाला हरली. सचिवांनी आमच्या प्राचार्यांना फोन केला, की तुमच्या मॅडमनी मुद्दाम केलं. प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं. मॅडम म्हणाल्या, "हो, मुद्दामच केलं," आणि तासावर निघून गेल्या.

पण सर्वांत जास्त रागावली ती करुणा. मॅडम रविवारी एसटीनं गोंदियाला जायला लागल्या. जवसाची चटणी, शेकायला मिठाची पुरचुंडी, डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामाला दोरी, असं घेऊन. करुणा खाली यायची नाही. त्या पहिल्यांदा गेल्या तेव्हा मी सोबत होते. तिनं वरच्या गॅलरीतून सांगितलं, "तुम्हीच मले इथं सोडलं, अन् आता खेळूबी देत नाही. कायले येता?"

मॅडम पायरीवर बसल्या. बराच वेळ बसून डबा होस्टेलच्या बाईंकडे दिला आणि आम्ही परतलो. बसमध्ये मी म्हटलं, "मॅडम, करुणा नाही येत खाली. कायले जाता?"

"तिचा राग तिच्यापाशी. शेक माह्यापाशी आहे."

पुढच्या रविवारी त्या पुन्हा गेल्या. त्याच्या पुढच्याही. दिवाळी झाली, धान कापून झालं, थंडी पडली. एका रविवारी मॅडम पायरीवर बसल्या होत्या आणि करुणा खाली आली. त्यांच्याजवळ बसली आणि ओढणी बाजूला करून खांदा पुढे केला. मॅडमनी पुरचुंडी काढली. हे मला मागाहून होस्टेलच्या बाईंनी सांगितलं. मॅडमनी कधी सांगितलं नाही.

बारावीनंतर मी डीएडला गोंदियाला आले. करुणा तिथेच डिग्रीला. तिचा खांदा भरून आला होता, पण तेव्हापासून तिनं सामन्यात चेंडू टाकला नव्हता. त्या वर्षी ती पहिल्यांदा उतरणार असं कळलं, आणि सकाळीच मॅडम माझ्या खोलीवर हजर. "चाल," म्हणाल्या.

आम्ही मैदानावर गेलो. मान्यवरांसाठी मांडव घातला होता, गोंदियाच्या सरांनी मॅडमना तिथली खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. कॅचरच्या मागे, चेंडू अडवायच्या उंच जाळीच्या पलीकडे, भर उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. तिथून करुणा अगदी समोर दिसत होती. समोरची टीम नागपूरकडची होती आणि चांगली होती. बाजूला बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "मॅडम, तुम्ही कोणाकडून?"

"थांब व. पाहू दे."

करुणानं हात मागे नेला आणि टाकला. मॅडम चेंडूकडे बघत नव्हत्या. चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये आदळला, लोक ओरडले, तरी त्यांची नजर करुणाच्या खांद्यावर होती. पुन्हा टाकला. पुन्हा. हात वर जात होता, पूर्ण वर, आणि सहज खाली येत होता. करुणानं एकदा आमच्याकडे पाहिलं, पण हसली नाही. ती कामात होती.

बराच वेळ मॅडम अशा उभ्या होत्या. मग त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं, पिशवी उचलली.

"चाल, बस सुटन."

"मॅडम, मॅच बाकी आहे," मी म्हटलं. "दोन्ही टीमचे सारखेच रन आहेत."

"राहू दे," मॅडम म्हणाल्या. "माही झाली."

आणि त्या फाटकाच्या दिशेनं चालायला लागल्या.